मागल्या वाटेचे आतोबा

आमच्या आतोबांइतका सडकेचा वैरी सबंध निजाम इलाख्यात दुसरा झाला नसेल. माणसं भाऊबंदांशी वैर धरतात, शेजाऱ्याशी धरतात, गेला बाजार सासऱ्याशी धरतात. यांनी धरलं ते खडी-मुरमाच्या, मैलाचे दगड रोवलेल्या, सरकारनं मोठ्या कौतुकानं बांधलेल्या सडकेशी. शिरड शहापुराहून हिंगोलीला यायचं तर कुणीही शहाणा माणूस औंढ्यावरून सरळ सडकेनं येईल. आतोबा यायचे ते सायकलीवर, डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, दोन ओढे, तीन तांडे आणि एक चिंचबन पालथं घालून, दीडपट वाट करून, आणि वर आमच्या ओट्यावर बसून पाणी पिता पिता म्हणायचे, "जवळचा रस्ता हाय." कशाच्या जवळचा, हे विचारायची सोय नव्हती. या वैरापायी त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीचं माहेर तीन वर्षं बंद पाडून ठेवलं होतं, म्हणून गोष्ट नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तरी मी आधी हसून घेणार आहे, कारण त्यांच्या तोंडावर हसायची माझी कधी छाती झाली नाही.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उंच, किडकिडीत, डोक्याला पांढरा रुमाल, धोतराचा घोळ सायकलीसाठी घोट्याशी सुतळीनं बांधलेला. नोकरी देवी टोचण्याची. गावोगाव हिंडून लेकरांच्या दंडावर टोचायचं आणि आठ दिवसांनी परत जाऊन फोड धरला का ते पाहायचं, एवढंच काम. पण काम एवढंसं असलं तरी ते करू देईल तर ते गाव कसलं? सडकेनं देवीडॉक्टर येताना दिसला की गुराखी धावत वर्दी द्यायचे, आणि आतोबा वेशीत पोचेपर्यंत गावात चार वर्षांखालचं एक लेकरू नजरेला पडायचं नाही. एका घरात बाई हात जोडून सांगत होती की आमच्यात लेकरंच न्हाईत, सायेब, आणि तिच्या मागची ज्वारीची कणगी शिंकली. आतोबांनी कणगीकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं आणि "कणगीला सर्दी झाली, काढा द्या," एवढं बोलून ते बाहेर पडले. त्या दिवसापासून त्यांनी सडक सोडली. गावात शिरायचं ते मागल्या अंगानं, मळ्यांच्या आणि उकिरड्यांच्या बाजूनं. सायकलीची घंटी त्यांनी काढून टाकली, चेनीला आठवड्यातून दोनदा तेल पाजायला सुरुवात केली, आणि आयांना कळायच्या आत ते अंगणात उभे राहू लागले. त्या भागात देवीनं लेकरं जायची कमी झाली याचं श्रेय मी लसीला अर्धं आणि त्या तेलाला अर्धं देतो.

आता काम म्हणून धरलेली वाट माणसानं कामापुरती ठेवावी. आतोबांना तिचं वेडच लागलं. सडकेवर धूळ, सडकेवर मोटार-लॉऱ्या, सडकेवर ओळखीचे लोक आणि त्यांचे "कुठं निघालात" हे प्रश्न. आणि पायथ्याच्या वाटेवर यातलं काही नाही, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी वाटांना नावं दिली होती ती गावांवरून नव्हे, आवाजावरून. एक होल्याची वाट, कारण तिथं दुपारभर होले घुमतात. एक सागाची, कारण पानगळीत तिथं चाकाखाली पापड मोडल्यागत वाजतं. एक नुसती मुकी वाट. तिथं काहीच वाजत नाही आणि ती त्यांची सगळ्यांत लाडकी. त्यांच्याबरोबर जायचं तर तोंड मिटून जायचं असा दंडक होता. मी एकदाच गेलो, भाड्याच्या सायकलीवर. फाल्गुन होता, डोंगराच्या कडेनं पळस पेटला होता, जमीन सावकाश वर चढत होती आणि सावकाश खाली उतरत होती, हरभऱ्याच्या घाट्यांचा वास येत होता, आणि मला आपसूक एक पद गुणगुणावंसं वाटलं. आतोबा थांबले. खाली उतरले. सायकल बाभळीला टेकवली आणि हात बांधून उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, तुझं होऊ दे. पुढच्या चार कोसांत मी खोकलोसुद्धा नाही.

चढ आला की ते सायकलीवरून उतरायचे. दमले म्हणून नव्हे. चढावर गाडीवर बसून राहणं हे त्यांना अडचणीत असलेल्या माणसाच्या खांद्यावर बसण्यासारखं वाटायचं. पण गंमत अशी की त्यांच्या वाटांवर उतरण्याजोगा चढ क्वचितच लागायचा. याचं गुपित त्यांना एका तांड्याच्या म्हाताऱ्या नाईकानं सांगितलं होतं. नाईकाच्या आज्या-पणज्यांनी हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या मुलखातून नेलं होतं. तो म्हणाला, "लादलेला बैल चढ घेत न्हाई, सायेब, वळसा घेतो. पानी बी सोडत न्हाई. बैलाच्या मागं जा, तकलीफ व्हनार न्हाई." त्या जुन्या लमाणवाटा गवतात बुजत चालल्या होत्या. आतोबांनी त्या एकेक करून हुडकून काढल्या आणि बैलांनंतर त्या वाटांवर चाक फिरवणारे ते पहिले ठरले. लढाईच्या दिवसांत टायर-ट्यूब मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी टायरात चिंध्या कोंबल्या. सायकल चालायची, पण थप थप असा आवाज करायची. एवढ्या मोठ्या लढाईत त्यांना तेवढ्या एका गोष्टीचं दुःख झालेलं मी पाहिलं.

लढाई संपली त्या वर्षी वैशाखात गोदाचं लग्न ठरलं. गोदा ही त्यांची लेक. स्थळ गोरेगावचं, घर मोठं, शेतीभाती भरपूर, आणि व्याही असे की त्यांच्या अंगणात कुत्रंसुद्धा रीतीनं भुंकायचं. वऱ्हाड बैलगाड्यांनी यायचं होतं, आदल्या रात्री औंढ्याला मुक्काम करून सकाळी गावात. आम्ही मुलीकडचे सडकेच्या शिवेवर पहाटेपासून उभे. नारळ, पाण्याचे तांबे, हार, सनई, सगळं तयार. नव्हते फक्त आतोबा. ते पहाटेच सायकल काढून औंढ्याला गेले होते, वऱ्हाडाला सामोरे. आत्याला वाटलं, उत्साह आहे, जाऊ द्या. ऊन चढलं. सनईवाल्यानं तीन वेळा वाजवून पाहिलं आणि मग तो सनईवर डोकं ठेवून झोपला. हार माना टाकू लागले. सडकेवर दूरवर धुळीचा एक लोटही उठेना. मध्यान्हीला गावातून एक गडी धापा टाकत आला आणि म्हणाला, नवरदेव मागं उभा आहे.

मागं म्हणजे कुठं, ते सांगताना त्याची जीभ अडखळली. झालं होतं असं की, व्याह्यांच्या नव्या धोतरावर सडकेची धूळ बसू नये म्हणून आतोबांनी बाराच्या बारा गाड्या मुक्या वाटेला लावल्या. वऱ्हाड खूश होतं. सावली, गार वारा, वाटेत झऱ्याचं पाणी. खुद्द व्याही म्हणाले म्हणे की रस्ता सुरेख आहे. आणि मग त्या सुरेख रस्त्यानं, आतोबा वीस वर्षं ज्या बाजूनं प्रत्येक गावात शिरत आले होते त्याच बाजूनं, म्हणजे मागून, वऱ्हाड शिरडात शिरलं. शिरडाची मागची वाट मुकी का, याचा विचार आतोबांनी कधी केला नव्हता. ती मसणवटीवरून येते. बाशिंग बांधलेल्या नवरदेवानं सासुरवाडीत पहिलं दर्शन घेतलं ते आदल्या दिवशीच्या राखेचं.

आम्ही नारळ-तांबे घेऊन गावाला वळसा घालून धावत पोचलो तेव्हा व्याही गाडीच्या जुवाला हात लावून उभे होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "लगीन लागंल, मुहूर्त मोडनार न्हाई. पन आमची सून माहेराला जाईल त्या दिशी समोरच्या दारानं जाईल. मुराळी सडकेनं यावा, गाडी जुंपून यावा, वेशीतून यावा. मागल्या वाटेचा मानूस आमच्याकडं मुराळी म्हनून चालायचा न्हाई." मुराळी म्हणजे सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येणारा माणूस, पंचमीला, दिवाळीला लेकी त्याची वाट पाहत उंबऱ्यात बसतात. आतोबांनी मान खाली घातली. लग्न लागलं. गोदा गेली ती सडकेनं, आणि आतोबा तिच्या गाडीमागं वेशीपर्यंत त्या धुळीत चालत गेले. मला वाटतं, सडकेवर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी रडताना पाहिलं असेल.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय होतं, पंचमीला गाडी जुंपायची आणि सडकेनं जायचं. आतोबांनी तेच केलं. आत्यानं देवापुढं बसवून वचन घेतलं होतं. पण पंचमीच्या तोंडावर गावातले सगळे बैल कोळपणीला गुंतलेले, म्हणून त्यांनी तांड्यावरून एक जोडी मागून आणली. औंढ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथून पुढं एक लमाणवाट सडकेला सोडून पायथ्याला लागते. बैल तिथं वळले. त्यांच्या बापजाद्यांना सडक माहीत नव्हती, त्यांना कुठून असणार? आतोबांनी कासरा ओढला, असं ते शपथेवर सांगायचे. किती जोरात ओढला, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गोरेगावच्या मागल्या अंगानं शिरली आणि थेट व्याह्यांच्या परसात जाऊन थांबली, त्या वेळी व्याही तिथं दगडावर बसून अंघोळ करत होते. पुढचं सांगायची गरज नाही. गाडी रिकामी परत आली.

त्यानंतर मी स्वतः मुराळी म्हणून जायला निघालो, सडकेनं, टांग्यानं. व्याह्यांनी मला गूळ-पाणी दिलं, मानानं बसवलं, आणि बापाची चूक भाच्यानं फेडायची नसते असं सांगून मानानंच परत धाडलं. आत्या झुरू लागली. सणावाराला ती गोदाचं ताट वाढायची आणि मग ते गाईला घालायची. आतोबांना ती बोलत काहीच नसे, आणि बोलत नसे हेच त्यांना लागायचं. मी एकदा धीर करून म्हणालो की आतोबा, तुम्ही हे जरा जास्तच ताणलंत. ते चेनीला तेल घालत होते. तेलाचा डबा खाली ठेवून म्हणाले, "मी काहून ताणीन रे? मला बी ठावं हाय सडक कुठं हाय ते. आता बाप सडकेनं गेला तरी बी दार उघडायचं न्हाई."

आणि मग दर महिन्याला ते जाऊ लागले. रजा काढून, अठरा-वीस कोस, पायथ्यापायथ्यानं, कयाधू ओलांडून गोरेगावच्या मागच्या ओढ्यापर्यंत. तिथं गोदा धुणं घेऊन यायची. आत्यानं बांधून दिलेलं पुरचुंडीतलं काहीबाही तिच्या हातावर ठेवायचे, तिनं दिलेल्या भाकरीचा तुकडा खायचे, आणि परत फिरायचे. एवढ्यासाठी दोन दिवस. एरवी ते कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं, पण देवीडॉक्टर ओढ्यावर दिसला की तिथली लेकरंसुद्धा पळून जायची आणि बापलेकींना एकांत मिळायचा. गोदा नंतर सांगायची की सासऱ्यांना सारं ठाऊक होतं. त्या दिवशी ओढ्याकडं यायचं झालं तर ते लांबूनच मोठ्यानं खाकरायचे. पण खाकरणं वेगळं आणि शब्द मागं घेणं वेगळं. मोठ्या घरांतल्या माणसांना दुसरी गोष्ट जमत नाही.

असं करता करता अठ्ठेचाळीस साल उजाडलं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत. सडकेवर नाके बसले. हत्यारबंद लोक गाड्या अडवायचे, झडत्या घ्यायचे, कुणाला परत पाठवायचे, कुणी परत यायचंच नाही. गोरेगाव निजामाच्या हद्दीजवळ, तिथली घरं बायकापोरांना हद्दीपलीकडं वऱ्हाड प्रांतात पोचवू लागली होती. व्याह्यांच्या घरात सात बायका, नऊ लेकरं आणि एक अंथरुणाला खिळलेली चुलती. दारात गाड्या उभ्या होत्या आणि जायला सडक नव्हती. मृगाच्या आधीच्या एका सकाळी व्याही स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सुनेशी तिच्या बापाबद्दल बोलले. म्हणाले, "तुह्या बापाला निरोप धाड. रस्ता इचारायचा हाय."

आतोबा तिसऱ्या दिवशी हजर झाले, मागून. गाड्या नकोत म्हणाले, चाकं वाजतात. म्हातारी बैलाच्या पाठीवर गोधड्या घालून बसवली, बायका पायी, लेकरं कडेवर. आतोबा सायकल घेऊन पुढं जायचे, पुढचं वळण पाहून परत यायचे, हातानं खूण करायचे आणि पुन्हा पुढं. म्हणजे इतरांनी जेवढी वाट तुडवली त्याच्या तिप्पट त्यांनी तुडवली. तीन वर्षांच्या त्या फेऱ्यांत त्यांनी तो पायथा तळहातासारखा ओळखून घेतला होता. कुठल्या ओहोळाला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या वळणाआड दहा माणसं बसली तरी दिसत नाहीत, सगळं. ज्यांनी कधी कुणाच्या मागं चालायचं नाही असे आमचे व्याही त्या दिवशी एका सायकलीच्या मागच्या चाकाकडं पाहत मुकाट चालत होते. हद्दीवरच्या नदीत घोटाभर पाणी होतं. पलीकडं गेल्यावर बायका वाळूत बसल्या आणि लेकरं पाण्यात शिरली. व्याह्यांनी धोतराचा सोगा ओला करून तोंड पुसलं. म्हणाले, "व्याही, रस्ता बराबर हाय तुमचा. सगळं निवळू द्या. मंग दिवाळीला मुराळी म्हनून या. कुठून बी या."

पावसाळ्याच्या शेवटी सगळं निवळलं, माणसं घरोघर परतली, आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी आतोबा गोदाला आणायला निघाले. व्याह्यांनी गाडी जुंपून ठेवली होती. यांनी नको म्हटलं. मग व्याह्यांनी स्वतःच्या हातानं सायकलीच्या मागं गोधडीची घडी बांधून दिली आणि सुनेला म्हणाले, नीट धरून बस. गाव पाहायला गोळा झालं होतं. सून सायकलीवर बसून माहेराला जाते, हे गोरेगावानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

सकाळी निघाले तर सायकलीनं ते दिवस मावळायच्या आत यायला हवे होते. मी हिंगोलीहून शिरडाला आलो होतो. आत्यानं पुरण शिजवून ठेवलं, पाणी तापवून ठेवलं. मावळलं तरी कुणी नाही. आत्याला त्या वर्षाची सवय लागली होती; तिच्या मनात नको ते येऊ लागलं. ती रात्र आम्ही दोघांनी पुरणाकडं पाहत काढली. दुसरा दिवस उजाडला, ऊन डोक्यावर आलं, कललं, आणि तिसऱ्या प्रहरी मागच्या मळ्याकडून दोघं येताना दिसली. गोदा गोधडीवर बसलेली, पाय एका बाजूला सोडून, हातात तुरेवाल्या गवताची एक काडी. आतोबा हँडल धरून शेजारून चालत होते. धुळीनं पाय गुडघ्यापर्यंत माखलेले. आत्यानं लेकीला उतरवून घेतलं, पोटाशी धरलं, आणि मग तिला तीन वर्षांचं सगळं बोलायचं होतं ते तिनं नवऱ्याला बोलून घेतलं. शेवटी विचारलं की सायकल बिघडली होती का. आतोबा म्हणाले, व्हय, बिघडली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच सायकलीवर बसून ते वाण्याकडून उटणं घेऊन आले.

मी ते तेव्हा मनात ठेवलं आणि पुढं विसरलोही. आतोबा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पायथ्याच्या त्यांच्या वाटांवर कुठं कुठं खडी पडली, कुठं शेतं चढली, मुक्या वाटेवरून आता जीपगाड्या जातात. परवा गोदा भेटली. तिचे केस पांढरे झाले आहेत. बोलता बोलता त्या दिवाळीचा विषय निघाला, तसं मी विचारलं की बाई, त्या दिवशी खरंच काय बिघडलं होतं?

ती हसली. म्हणाली, काहीच नाही. गोरेगावचा ओढा ओलांडल्यावर आतोबा खाली उतरले ते परत बसलेच नाहीत. ती दर कोसाला म्हणायची की बाबा, बसा आता, उतार आहे. ते नुसते हूं म्हणायचे. रात्री तांड्यावर थांबले, सकाळी पुन्हा तसंच. शेवटी शिरडाचा डोंगर दिसू लागला तेव्हा तिनं हँडलवरचा त्यांचा हात धरून विचारलं की काहून बसत न्हाई तुमी? तेव्हा त्या मुक्या वाटेवर, जिथं ते मला खोकूसुद्धा देत नसत, तिथं थांबून ते तिला म्हणाले, "बसलो तर गाव लवकर येईल, बाई."